सकाळची थरथर

त्या गाडीच्या पहिल्या सिलिंडरमध्ये रात्री कुलंट झिरपत होतं. हेड गॅस्केट एका जागी कमजोर झालं होतं. तिथून थेंब थेंब पाणी पिस्टनच्या डोक्यावर जमायचं आणि सकाळी इंजिन सुरू झालं की तो सिलिंडर काही सेकंद पेट घ्यायचा नाही. पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून गेलं की गाडी पुन्हा ठणठणीत. दोष एवढाच होता. तो सापडायला मला जवळजवळ अख्खा हिवाळा लागला. तेवढ्या काळात मी चांगले प्लग बदलले, चांगल्या कॉईल बदलल्या, चांगली बॅटरी बदलली, गाडीनं स्वतः नोंदवून ठेवलेला पुरावा पुसून टाकला आणि मालकिणीला ‘बिनधास्त चालवा’ असं सांगून इंजिन मोडायच्या वाटेवर सोडलं.

माझं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरच्या बाजूला आहे. आयटीआय करून मी या धंद्यात पडलो, कार्ब्युरेटर उघडून बसवत वाढलो, पुढं इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा स्कॅनर शिकलो. हायब्रिड मात्र फार उशिरा हाताखाली आली. जगात टोयोटा प्रिअस १९९७ साली आली, भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रिअस २०१० मध्ये. पण त्या गाड्या इतक्या महाग आणि इतक्या थोड्या होत्या की आमच्यासारख्यांच्या दारात क्वचितच यायच्या. माझ्याकडं आलेली गाडी त्याच पहिल्या काळातली, जपानी बनावटीची, १.८ लिटर पेट्रोल इंजिनची, दुसऱ्या हातानं घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते माझ्या तपासाबद्दल आहे.

गाडी एका डॉक्टर मॅडमची. राजारामपुरीत दवाखाना, ताराबाई पार्कात घर. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, “सकाळी सुरू करताना कधीकधी गाडी थरथरते. पत्र्याच्या पिंपात दगड घालून हलवावेत तसा आवाज येतो. मिनिटभरात थांबतं. चेक इंजिनचा दिवा लागलाय.” वेळ दुपारची होती. त्या दवाखाना आटोपून गाडी चालवत आल्या होत्या, म्हणजे इंजिन तापलेलं. मी स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०१, पहिला सिलिंडर मिसफायर. मी म्हणालो, “मॅडम, मिसिंग आहे, प्लग नाहीतर कॉईल.” आणि दिवा जातो का बघायला कोड पुसून टाकला.

पहिली चूक ही, आणि माझ्या मते सगळ्यांत महाग. कोड साठवताना गाडीचा संगणक त्या क्षणाची स्थितीही साठवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कुलंटचं तापमान किती, इंजिन किती फेऱ्यांवर, गाडीचा वेग किती, इंजिन सुरू होऊन किती सेकंद झाले, हे सगळं त्यात असतं. मी ते पान उघडलंच नाही. उघडलं असतं तर थंड इंजिन, उभी गाडी आणि सुरू होऊन जेमतेम काही सेकंद, असं स्पष्ट दिसलं असतं. मॅडम तोंडी जे सांगत होत्या तेच गाडीनं लिहून ठेवलं होतं. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. घाईत तपासणाऱ्या माणसानं सगळ्यात आधी हे बटण दाबायचं नसतं आणि घाईत सगळ्यात आधी तेच दाबलं जातं. साध्या गाड्यांवर ते मी वर्षानुवर्षं दाबत आलो होतो. तिथं ते खपून जायचं, कारण दोष समोरच असायचा.

हायब्रिडमध्ये दोष समोर नसतो, आणि हे मला तेव्हा नीट उमगलेलं नव्हतं. साध्या पेट्रोल गाडीचा एक सिलिंडर मेला की ती लगेच सांगते. आयडलला डुलते, पिकअप जातो, कधी बंदच पडते. आपण बॉनेट उघडून एकेका कॉईलचं कनेक्शन काढतो. ज्याचं काढल्यानं इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर दोषी, हा आमचा पिढीजात तपास. या गाडीत तो तपास लागूच होत नाही. गरम झालेलं इंजिन गाडी उभी राहिली की बंद होतं. ते आयडलवर ठेवायचं तर ठरावीक क्रमानं पेडल आणि गिअर हलवून गाडीला देखभालीच्या मोडमध्ये न्यावं लागतं. तो क्रम तेव्हा मला माहीत नव्हता. शिवाय या गाडीला स्टार्टर मोटर नाही. गिअरबॉक्समधली एक मोठी मोटर जनरेटरच इंजिनला फिरवते, हजाराच्या आसपास फेऱ्यांपर्यंत नेते आणि मग पेट्रोल आणि ठिणगी सुरू होते. म्हणजे एक सिलिंडर पेटला नाही तरी इंजिन फिरतच राहतं, कारण त्याला फिरवणारं दुसरं कुणीतरी आहे. गाडी पुढंही जाते, कारण चाकांना दुसरी मोटर ढकलत असते. चालवणाऱ्याला कळतो तो फक्त सुरुवातीचा भयंकर खडखडाट. न पेटलेल्या सिलिंडरचे धक्के इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या डॅम्परवर आपटत असतात, त्याचा तो आवाज.

मी त्या आवाजाला फार काळ गिअरबॉक्सचा आवाज समजत होतो. कारण तो खरोखर तिकडूनच येतो.

तर प्लग आणि कॉईल. प्लग काढायला या गाडीत आधी वायपर आणि त्याखालचा पत्रा काढावा लागतो, काम वेळखाऊ आहे. एवढं उघडलंच आहे तर सगळं करून टाकू, असा मी विचार केला. चारही प्लग नवे, चारही कॉईल नव्या, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी साफ, आणि बारा व्होल्टची बॅटरी थोडी कमजोर वाटली म्हणून तीही नवी. एकाच दिवशी. ही दुसरी चूक. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या की गाडी बरी झाली तरी कशानं झाली ते कळत नाही आणि नाही झाली तर काय वगळायचं तेही कळत नाही. मी करायला हवं होतं ते इतकंच की पहिल्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर टाकायची, तिसऱ्याची पहिल्यावर, आणि कोड पी ०३०१च राहतो की पी ०३०३ होतो ते बघायचं. कॉईलच्या मागं दोष गेला तर कॉईल वाईट. पहिल्याच सिलिंडरला चिकटून राहिला तर कॉईल चांगली. या तपासाला पैसे लागत नाहीत.

आणि काढलेल्या प्लगकडं मी नीट पाहिलं नाही. हे मला आजही खुपतं. तीन प्लगांची टोकं तपकिरी होती, पहिल्याचं टोक स्वच्छ, जवळजवळ धुतल्यासारखं. माझ्या हाताखालच्या मुलानं ते उचलून दाखवलं, “दादा, हा बघा किती पांढरा हाय.” मी म्हटलं, “म्हणूनच मिसिंग मारतोय.” वाक्य पूर्ण करून मी पुढच्या कामाला लागलो. ज्या सिलिंडरमध्ये पाण्याची वाफ होते तिथला काजळीचा थर सुटून जातो आणि प्लग व पिस्टन साफ दिसतात. असे धुतलेले पिस्टन मी ट्रकच्या इंजिनात कितीदा पाहिले होते. पण डोक्यात कॉईल पक्की बसली होती, त्यामुळं समोरचा प्लग कॉईलचीच साक्ष देतोय असं वाटलं.

गाडी गेली आणि काही दिवस मॅडमचा फोन आला नाही. मी समजलो, जमलं. मग एका सकाळी फोन आला. पुन्हा तेच.

यानंतर मी जे केलं ते तांत्रिक चुकीपेक्षाही वाईट होतं. मी त्यांच्या सांगण्यावर शंका घेऊ लागलो. त्या कधी म्हणायच्या, “घराच्या गेटपाशी झालं.” कधी म्हणायच्या, “आज दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला झालं.” कधी, “आज झालंच नाही.” मला वाटलं, यांना नेमकं सांगता येत नाही. एकदा सुरू करताना, एकदा सिग्नलला, म्हणजे दोन वेगळे दोष असणार, किंवा यांचा भास असणार. मी त्यांना हेच विचारलं, “नक्की सुरू करतानाच होतं ना मॅडम?” त्यांचा आवाज जरा कडक झाला. “मी रोज पेशंट तपासते. कधी होतं ते मला सांगता येतं.”

खुलासा साधा होता. सकाळी लवकर निघताना शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्या कधीकधी ईव्हीचं बटण दाबायच्या. मग गाडी नुसत्या बॅटरीवर गेटबाहेर पडायची आणि इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं ते रस्त्यावर, कधी पुढच्या चौकात, कधी सिग्नलला. बटण दाबलं नाही त्या दिवशी ते पार्किंगमध्येच सुरू व्हायचं. जागा वेगवेगळ्या होत्या, घटना एकच होती, दिवसातलं इंजिनाचं पहिलं पेटणं. साध्या गाडीत चावी फिरवली की इंजिन सुरू होतं, त्यामुळं ‘सुरू करताना’ आणि ‘निघताना’ यांत आम्ही कधी फरकच केलेला नाही. हायब्रिडच्या मालकाला मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, की इंजिन नेमकं कुठं पेटलं.

कॉईल बदलूनही जात नाही म्हटल्यावर मला वाटलं, दोष लोडखाली येत असेल. कॉईल किंवा वायरिंग गरम होऊन, भार पडल्यावर दगा देतात, हा नेहमीचा अनुभव. म्हणून स्कॅनर जोडूनच मी गाडी जोतिबाच्या डोंगरावर नेली. चढावर पूर्ण पेडल दाबलं, खाली आलो, परत चढलो. काही नाही. चारही सिलिंडरचे मिसफायरचे आकडे शून्य. इंजिन छान तापलेलं असताना मी गाडी मॅडमच्या दारात उभी केली आणि सांगितलं, गाडीत काही दोष दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आतापर्यंतच्या सगळ्यात जोरात थरथरली. मी त्याला योगायोग म्हणालो. तो योगायोग नव्हता, त्या सकाळची तयारी मीच आदल्या दिवशी डोंगरावर करून ठेवली होती. पण ते पुढं.

आता टाकीची गोष्ट. कुलंट कमी होतंय का, हा प्रश्न मला सुचला नाही असं नाही. मी बॉनेट उघडून टाकी पाहिली, पातळी बरोबर होती. गुलाबी कुलंट, दोन रेषांच्या मधोमध. पुढच्या भेटीत पुन्हा पाहिली, पुन्हा तेवढीच. म्हणून हेड गॅस्केटचा विचार मी बाजूला ठेवला. मी पाहत होतो ती टाकी इन्व्हर्टरची होती. या गाडीत थंडाव्याची दोन वेगळी मंडलं आहेत. एक इंजिनचं, दुसरं इन्व्हर्टर आणि मोटरचं. दोन्हींत रंगानं सारखंच कुलंट, पण टाक्या वेगळ्या आणि एकमेकींशी संबंध नाही. इन्व्हर्टरची टाकी बॉनेट उघडताच नजरेत भरते. इंजिनची दुसऱ्या बाजूला आहे, आणि तिच्यात पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली होती.

हे मला त्याच मुलानं सांगितलं. पुष्कळ नंतर नाही, मधल्याच एका भेटीत. तो म्हणाला, “दादा, हिकडं अजून एक टाकी हाय, ती रिकामी दिसतीया.” मी दुसऱ्या गाडीखाली होतो. मी ओरडून म्हटलं, “भर मग.” त्यानं भरली. त्यानं मला पूर्ण उत्तर दिलं होतं आणि मी ते त्याच्याच हातानं बुजवून घेतलं. टाकी भरल्यामुळं पुढच्या वेळी ती पुन्हा ठीक दिसली. किती दिवसांत किती उतरली याची नोंद नाही, खूण नाही. त्या मुलाला मी नंतर सगळ्यांसमोर सांगितलं, की तुझं बरोबर होतं आणि माझं ऐकून घ्यायचं चुकलं. त्याचं वय विशीच्या आत आहे. मला वाटतं, त्याला पुढंही असंच बोलावंसं वाटलं पाहिजे.

गॅस्केटचा संशय पुन्हा आला तेव्हा मी निळ्या द्रवाची चाचणी केली. टाकीच्या तोंडावर नळी बसवायची, वर निळं द्रव असतं. ज्वलनाचा वायू गॅस्केटमधून कुलंटमध्ये शिरत असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइड लागून ते द्रव पिवळं पडतं. माझं निळंच राहिलं. मी छातीठोकपणे सांगितलं, गॅस्केट चांगलं आहे. दोन गोष्टी मी विसरलो होतो. एक म्हणजे, चाचणीच्या बहुतेक वेळात इंजिन बंदच होतं. गाडी ‘रेडी’ दाखवत होती, पण इंजिन मधेच सुरू व्हायचं आणि बंद पडायचं. देखभालीच्या मोडशिवाय ती चाचणी म्हणजे चाचणीच नव्हे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही चाचणी वायू बाहेर येतो का ते सांगते. पाणी आत जातं का ते सांगत नाही. गॅस्केटची गळती अगदी बारीक असते तेव्हा चालत्या इंजिनात वायूचा माग लागत नाही, पण गाडी बंद केल्यावर तापलेल्या कुलंटचा दाब तासन् तास टिकतो आणि त्या बारीक वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पिवळा रंग आला तर गॅस्केट नक्की गेलेलं. निळा राहिला तर गॅस्केट चांगलंच, असं म्हणता येत नाही. मी तसं म्हणालो.

आणि त्याच्या जोरावर मॅडमना सांगितलं, “बिनधास्त चालवा. मिनिटभराची थरथर आहे, पुढं बघू.”

मग ती सकाळ आली. मॅडम पुण्याला परिषदेला जाऊन रात्री उशिरा परतल्या होत्या. सकाळी बटण दाबलं, इंजिन फिरू लागलं, एक जड ठोका बसला आणि फिरणं थांबलं. गाडीवर सगळे दिवे लागले. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी इंजिन फिरलं, पण खूप वेळ खडखडत राहिलं आणि मागून पांढऱ्या वाफेचा लोट आला. त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या हातातला पाना तसाच राहिला. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पुरेसं पाणी साठलं आणि पिस्टन वर आला की तो तिथंच अडतो, आणि त्याला खालून ढकलणारी मोटर दमदार असेल तर मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. या गाडीत ढकलणारी मोटर साध्या स्टार्टरपेक्षा कितीतरी दमदार आहे. रॉड वाकला की इंजिन गेलं. मी ज्या बाईंना बिनधास्त चालवा म्हणालो होतो त्यांनी माझ्या शब्दावर ते बटण दाबलं होतं.

त्या दिवशी त्यांनी गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधली वही माझ्यापुढं ठेवली. पेट्रोलची वही. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात कुठून कुठं. त्यात बारीक अक्षरात त्यांनी कधीपासून तरी ‘थरथर’ असं लिहायला सुरुवात केली होती. मला ती आधी कधी दाखवली नाही, कारण मी कधी मागितलीच नव्हती. आम्ही दोघांनी बसून ती वाचली. घर, दवाखाना, घर, अशा आठवड्यात थरथर नाही. पुणे, बेळगाव, गणपतीपुळे, अशा प्रवासाच्या दुसऱ्या सकाळी थरथर. आणि मधे एका अशा सकाळी थरथर, जिच्या आदल्या दिवशी वहीत प्रवास नव्हता. त्या आदल्या दिवशी मी गाडी जोतिबावर नेली होती.

लांबच्या प्रवासात इंजिन पूर्ण तापतं, कुलंटचं मंडल दाबाखाली येतं आणि गाडी तशीच उभी केली की तो दाब तासन् तास गॅस्केटवर काम करतो. गावातल्या गावात बरंचसं काम बॅटरी करते, इंजिन जेमतेम तापतं, दाब राहत नाही, म्हणून पाणी उतरत नाही. मी कॉईल बदलल्यावर गाडी काही दिवस बरी होती, कारण त्या दिवसांत मॅडम गावाबाहेर गेल्याच नव्हत्या. ‘अधूनमधून’ हा शब्द मी महिनोन् महिने वापरला. वहीप्रमाणं तो दोष पूर्ण नियमात होता.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. गाडी हायवेवरून भरपूर फिरवून आणली, तापलेली असतानाच गॅरेजात उभी केली आणि इंजिनच्या टाकीवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून सुमारे १ बार दाब देऊन ठेवला. सकाळी काटा खाली आलेला होता. बाहेर कुठं एक थेंब नाही. बटणाला हात न लावता प्लग काढले आणि एकेका भोकातून बोअरस्कोपचा कॅमेरा आत सोडला. दुसरा, तिसरा, चौथा पिस्टन काळा, कोरडा. पहिला पिस्टन धातूसारखा चकचकीत आणि त्यावर गुलाबी थेंब. तो मुलगा माझ्या खांद्यावरून पडदा बघत होता. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. मग कंपनीच्या पद्धतीचा स्कॅनर एका मित्राकडून आणला, त्यानं प्लग काढलेल्या स्थितीत इंजिन हळू फिरवता येतं. पहिल्या भोकातून कुलंटचा फवारा उडाला.

हेड उतरवणं हे हायब्रिडमध्ये आधी विजेचं काम आहे. बॅटरी सुमारे २०० व्होल्टची, इन्व्हर्टर ती ६५० पर्यंत चढवतो. सर्व्हिस प्लग काढायचा, खिशात ठेवायचा, किमान १० मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, मग रबरी हातमोज्यांनी मीटर लावून व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करायची आणि तेव्हाच नारिंगी केबलला हात लावायचा. इथं मी एकही पायरी गाळली नाही.

गॅस्केट पहिल्या सिलिंडरच्या कडेला, पाण्याच्या वाटेजवळ हरलं होतं. पण मला जास्त हादरवलं ते ईजीआर कूलरनं. सायलेन्सरकडं जाणारा थोडा वायू थंड करून परत इंजिनात सोडायचा, त्यानं ज्वलनाचं तापमान खाली राहतं, यासाठी ही व्यवस्था असते. कूलरच्या जाळीत काजळी इतकी घट्ट बसली होती की फुंकर आरपार जात नव्हती. इनटेक मॅनिफोल्डमध्ये चार सिलिंडरांसाठी चार बारीक भोकं, त्यांतली काही पूर्ण बुजलेली. असा थंड करणारा वायू बंद झाल्यावर इंजिन वर्षानुवर्षं जास्त तापमानावर जळत राहतं, आणि माझ्या मते गॅस्केटवरचा ताण तिथूनच वाढला. गॅस्केट नवं घालून कूलर तसाच ठेवणारे मी नंतर पाहिले आहेत. मला ते अर्धं काम वाटतं.

हेडवर सरळपट्टी ठेवून ०.०५ मिलिमीटरचं फीलर गेज कुठं सरकतं का पाहिलं, सरकलं नाही. ब्लॉकचा पृष्ठभाग हातानं साफ केला. घासायची चकती लावली नाही, कारण तिचे कण ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खातात. चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून डायल गेजनं उंची मोजली. ही मोजणी करताना मी जितका घाबरलो होतो तितका आयुष्यात कुठल्या कामाला घाबरलेलो नाही. पहिल्याची उंची इतरांएवढीच भरली. रॉड वाचला होता. नवे हेड बोल्ट, नवं गॅस्केट, साफ केलेला कूलर आणि मॅनिफोल्ड, आणि शेवटी कुलंटमधली हवा काढायला इंजिनाच्या कामाइतकाच वेळ, कारण इथं पाण्याचा पंप विजेवरचा आहे आणि हवेचा फुगा राहिला की सगळी मेहनत फुकट.

मॅडमना मी सगळं सांगितलं. काढलेला पांढरा प्लग, न उघडलेली फ्रीझ फ्रेम, चुकीची टाकी, निळं द्रव, जोतिबा. प्लग, कॉईल आणि बॅटरीचे पैसे आणि आधीच्या सगळ्या भेटींची मजुरी परत केली. गॅस्केटच्या कामाचे त्यांनी दिले. त्या म्हणाल्या, “पेशंट सांगतो ते आधी लिहून घ्यायचं, मग तपासायचं. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.” त्यांना राग आला होता आणि तो रास्त होता. गाडी त्या अजूनही माझ्याकडंच आणतात. पुण्याला जाऊन आल्यावरही सकाळी गाडी शांतपणे सुरू होते आणि टाकीवर मारलेल्या खुणेपासून पातळी हललेली नाही.

२०२२ पासून आपल्याकडं देशातच बनलेल्या स्ट्राँग हायब्रिड गाड्या मोठ्या संख्येनं विकल्या जाऊ लागल्या आहेत. त्या अजून तशा नव्या आहेत. काही वर्षांनी त्या माझ्यासारख्यांच्या दारात येतील. तुमच्याकडं अशी गाडी असेल तर मालकपुस्तिकेतून इंजिनची टाकी कुठली आणि इन्व्हर्टरची कुठली ते आजच बघून घ्या, आणि इंजिनच्या टाकीवर थंड गाडीत पातळीची खूण करून ठेवा. ती खाली जात असेल आणि सकाळी इंजिन पेटताना गाडी थरथरत असेल, तर कृपा करून पुन्हा बटण दाबू नका आणि गॅरेजपर्यंत चालवतही नेऊ नका. टोचन लावून ओढूही नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हायब्रिडची चाकं जमिनीवर फिरली की आतली मोटर वीज तयार करू लागते. गाडी सपाट ट्रकवर चढवून न्या, किंवा निदान पुढची दोन्ही चाकं उचलून.